कवळाण्याचे तीन भाऊ

आमचे वरोर हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाणगाव नावाचे स्टेशन आहे. तेथे उतरून पश्चिमेचा रस्ता धरावा आणि वाऱ्याला खारा वास येऊ लागला म्हणजे गाव जवळ आले असे समजावे. अशा गावी इंग्लंडच्या राजघराण्याची चर्चा होण्याचे वास्तविक काही प्रयोजन नाही. परंतु ज्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात आणि मुलांना वाचनाची गोडी आहे, त्या घरात कोणता विषय केव्हा निघेल याचा नेम नसतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत रात्रीची जेवणे आटोपून आम्ही सारी मंडळी ओटीवर बसलो होतो. आमचे धाकटे बंधू भाऊबीजेसाठी आले होते, तेही होते. आमची अकरा वर्षांची नात कोठलेसे सचित्र मासिक चाळीत होती. तिने एकदम विचारले, "आजोबा, राणीची सख्खी नात, आणि ती राजकन्या नाही, असं कसं हो?"

चित्र झारा फिलिप्स यांचे होते. मुलीची शंका रास्त होती. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिची कन्या अ‍ॅन. तिची दोन अपत्ये, १९७७ साली जन्मलेला पीटर आणि १९८१ साली जन्मलेली झारा. दोघांनाही राजपदवी नाही. पंचम जॉर्ज बादशहांनी १९१७ साली काढलेल्या राजपत्रान्वये ही पदवी राजाच्या अपत्यांना आणि त्याच्या पुत्रांच्या अपत्यांना मिळते. कन्येच्या अपत्यांना मिळत नाही. त्यांना बापाचा जो दर्जा असेल तोच. बाप कॅप्टन मार्क फिलिप्स; त्यांनी सरदारकी घेतली नाही, म्हणून मुले साधीच राहिली.

"म्हणजे तिकडेही मुलीची मुलं परकीच!" आमच्या वहिनी आतून म्हणाल्या.

"बिचारी!" नात म्हणाली.

आम्ही तिला सांगितले की, बिचारी म्हणण्याचे कारण नाही. याच झाराने घोडेस्वारीत नाव काढले. २००६ साली तिने जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाला रौप्यपदक मिळाले, तेव्हा ते तिच्या गळ्यात घालावयास प्रत्यक्ष आईच उभी होती. नॉर्वेच्या राजाची थोरली नात मॉड अँजेलिका हीही पदवीवाचूनच वाढली. तिचा पिता २०१९ साली अकस्मात वारला. पुढच्याच महिन्यात, सोळा वर्षांच्या वयात, त्याच्या अंत्यविधीच्या वेळी भरल्या देवळात उभी राहून ती बोलली. त्या प्रसंगी पदवी असती तरी तिला काय आधार देणार होती?

यावर आमच्या चिरंजीवांनी विचारले, "आपल्या मुलखात असं कोणी झालं का हो? राजाच्या कुळातलं, पण पदवीवाचून राहिलेलं?"

झाले. आणि एक नव्हे, एकाच घरातले तीन झाले. त्या रात्री मुलांना जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहो. त्याच्या शेवटी जे घडले ते आमच्या घरचे आहे. परंतु त्यावाचून ही कथा पुरी होत नाही, म्हणून तेही लिहितो.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे म्हणून एक खेडे आहे. तेथे काशीराव भिकाजीराव गायकवाड या नावाचे एक गृहस्थ शेती करून राहत. बडोद्याच्या राज्याचे संस्थापक पिलाजीराव गायकवाड. त्यांच्याच वंशाची ही एक दूरची शाखा. परंतु मूळ वृक्ष गुजराथेत फोफावला आणि ही फांदी खेड्यातील काळ्या मातीला लागली. पिढ्यामागून पिढ्या गेल्या. आडनाव राजाचे आणि हातात नांगर, अशी स्थिती झाली. काशीरावांना आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव असे तीन पुत्र. मधल्या गोपाळरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी झाला. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षरओळख म्हणण्यासारखी नव्हती.

इकडे बडोद्यास काय चालले होते ते पाहू. १८७० साली खंडेराव महाराज निवर्तले. त्यांची राणी जमनाबाई त्या वेळी गरोदर होती. मुलगा झाला असता तर गादी त्याची होती. परंतु १८७१ साली कन्या झाली आणि खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांचे आसन स्थिर झाले. त्यांचा कारभार प्रजेला सुखाचा झाला नाही. १८७४ साली रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशीस सहा जणांचे मंडळ बसले, तीन इंग्रज आणि तीन एतद्देशीय. एतद्देशीयांत ग्वाल्हेर व जयपूर येथील महाराज आणि सर दिनकरराव होते. मंडळात दोन तट पडले; हिंदी सभासदांना गुन्हा शाबीत झालासे वाटले नाही. तथापि एप्रिल १८७५ मध्ये सरकारने राज्यकारभाराच्या बेबंदशाहीचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले आणि जमनाबाईंना गायकवाडांच्या कुळातील मुलगा दत्तक घेण्याची परवानगी दिली.

आता राजवंशातील मुलगा हवा. शोध करता करता लोक कवळाण्यास पोहोचले. ज्या काशीरावांची बडोद्याच्या दरबारास आठवण नव्हती, त्यांच्या कुळाची सरकारने बारकाईने चौकशी करविली. कूळ खरे ठरले आणि काशीरावांची मुले बडोद्यास आली. जमनाबाईंनी प्रत्येकास "तू येथे कशासाठी आलास?" असे विचारले, आणि गोपाळाने "राज्य करावयास आलो" असे बेधडक उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन तो गादीवर बसला. गोपाळ हे नाव मागे पडले आणि सयाजीराव हे नाव मिळाले.

येथपर्यंतची हकीकत शाळेच्या पुस्तकात असते. मुले ती ऐकून टाळ्या वाजवितात. कारण नांगरामागचे पोर हत्तीच्या अंबारीत बसले ही गोष्टच गोड आहे. परंतु आम्ही छत्तीस वर्षे मुलांना शिकविले आहे. आमची दृष्टी अंबारीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीपुढे बसलेल्या त्या पोराकडे जाते. वय बारा वर्षांचे. या वयाची इतर मुले श्लोक म्हणत होती, त्रैराशिक सोडवीत होती. याला मुळाक्षरांपासून प्रारंभ. त्यात भाषा एक नव्हे. मराठी, गुजराथी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकावयाच्या, त्याही सर्व दरबाराच्या डोळ्यांदेखत. १८७५ च्या अखेरीस इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. दिवाण सर टी. माधवराव हे राज्याची घडी बसवीत असता या विद्यार्थ्याला राज्यशास्त्राचे पाठही देत. शिवाय व्यायाम, कुस्ती आणि घोडेस्वारी. अठराव्या वर्षी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, त्याच्या हाती पूर्ण अधिकार आला. म्हणजे अवघ्या सहा वर्षांत मुळाक्षरांपासून राज्यापर्यंतची वाट त्याला चालावी लागली.

आमच्या तालुक्यात वारली पाड्यांवरून उशिरा शाळेत आलेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली. आठव्या, दहाव्या वर्षी प्रथम पाटी हाती घेणारा मुलगा मंद असतो हा समज खोटा आहे. तो भुकेला असतो. मात्र त्याच्या मनात एक सल कायम राहतो, तो असा की आपली वर्षे वाया गेली. सयाजीरावांच्या पुढील चरित्राकडे पाहिले म्हणजे हा सल त्यांच्या मनात असावा असे आम्हांस वाटते. १८९३ साली त्यांनी अमरेलीच्या भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यभर लागू केले. गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात असाच कायदा ब्रिटिश मुलखासाठी मांडला, तो सरकारने मंजूर होऊ दिला नाही; बडोद्यास मात्र तो आधीच अमलात होता. १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठवीत. १९१३ साली भीमराव आंबेडकर हे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्याला बारा वर्षांपर्यंत कोणी पुस्तक दिले नाही, त्याने पुढे ते दुसऱ्यांच्या हाती देण्याचा ध्यास घेतला.

आता या चित्राची दुसरी बाजू. सयाजीरावांचे पुत्र राजवाड्यात जन्मले. त्यांना पदव्या पाळण्यातच मिळाल्या. त्यांच्या शिक्षणास रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासारखे विद्वान लाभले. १८८९ साली ते बडोद्याच्या नोकरीत शिरले, आणि राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच त्यांची रियासत वाढली. परंतु थोरले फत्तेसिंहराव १९०८ साली ऐन पंचविशीत वारले. शिवाजीराव १९१९ साली गेले आणि जयसिंहराव १९२३ साली. बापाने तीन पुत्रांचे मरण पाहिले. सयाजीराव स्वतः ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस निवर्तले, तेव्हा गादीवर नातू प्रतापसिंहराव बसले. राजवाड्यातील जन्म हे भाग्याचे लक्षण मानण्याची आपली जी सवय आहे, तिला या घरानेच उत्तर दिले आहे.

येथवर सांगून आम्ही थांबलो. आम्हांस वाटले गोष्ट संपली. परंतु नात म्हणाली, "आणि जे दोघे निवडले नाहीत, त्यांचं काय झालं?"

हा प्रश्न इतिहासाच्या तासाला आजवर आम्हांस एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. खरे सांगावयाचे तर आम्हीही तो स्वतःला कधी मोठ्याने विचारला नव्हता.

आम्ही तिला ठाऊक होते ते सांगितले. आनंदराव हे थोरले. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे एकुलता एक पुत्र दत्तक देऊ नये आणि ज्येष्ठही देऊ नये असा निर्बंध आहे. तेव्हा थोरल्याने मागे राहावे हे आपल्या परंपरेला धरूनच झाले. ते १९१७ साली वारले. धाकटे संपतराव दहा वर्षांचे होते. त्यांना भावाच्या सहवासात शिक्षण मिळाले. पुढे ते विलायतेस जाऊन आले. त्यांना ग्रंथांचे फार वेड. त्यांनी पुष्कळ ग्रंथ जमविले आणि त्या संग्रहाला भावाचेच नाव दिले. बडोद्याच्या ग्रंथालयाच्या चळवळीस तो संग्रह उपयोगी पडला. ते १९३४ साली वारले. भाऊ महाराज आणि आपण केवळ महाराजांचे बंधू, असे जवळजवळ साठ वर्षे त्यांना जगावे लागले. परंतु पुस्तकांवर जीव लावून ते मानाने जगले.

"त्यांना वाईट वाटलं नसेल?" नात म्हणाली.

त्यावर आम्ही काही बोलण्यापूर्वीच आमचे धाकटे बंधू बोलले. "तुझ्या आजोबांना विचार," ते म्हणाले, "त्यांना ठाऊक आहे."

वाचकांस येथे थोडी घरची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आम्ही तीन भाऊ. आम्ही मधले. आमच्या लहानपणी वडिलांचे एक चुलतभाऊ निपुत्रिक होते. त्यांची मोठी वाडी होती, दुमजली घर होते. त्यांना आमच्यापैकी एक मुलगा दत्तक घ्यावयाचा होता. थोरला द्यावयाचा नाही हे ठरलेलेच होते, तेव्हा प्रश्न आम्हा दोघांचा होता. काका यावयाचे त्या दिवशी आईने आम्हा दोघांचे केस तेल लावून चापून बसविले. आम्ही दहा वर्षांचे होतो. संस्कृत शब्दांची रूपे आम्हांस मुखोद्गत होती. आम्ही ती न अडखळता म्हणून दाखविली. धाकट्याला एकही रूप येईना. तो काकांच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्यांच्या चष्म्याशी खेळू लागला. त्यांनी त्यालाच पसंत केले. दत्तहोम झाला, पेढे वाटले गेले, भावाचे नाव बदलले आणि तो त्या दुमजली घरात राहावयास गेला. त्या रात्री आम्ही माजघरात पाठ फिरवून निजलो आणि कोणाशी बोललो नाही. आपण बरोबर म्हटले, तरी आपण नापसंत झालो, हा काटा आमच्या मनात पुष्कळ वर्षे होता. नोकरीत, संसारात, अगदी मुलांना पारितोषिके वाटतानाही तो मधून मधून टोचत असे. हे आम्ही आजवर कोणास सांगितले नव्हते. भावास तर नाहीच.

परंतु भावांपासून काय लपते? त्या रात्री आमचे मौन पाहून बंधू हळूच म्हणाले, "दादा, तुम्हांला वाटत आलं की तुम्हांला टाकलं. मला मात्र आयुष्यभर वाटत आलं की तुम्हांला ठेवून घेतलं, आणि मला देऊन टाकलं."

ओटीवर सारे स्तब्ध झाले.

मग त्यांनी सांगितले की वाडी मिळाली, पण सोळाव्या वर्षी शाळा सुटली, कारण वाडीकडे पाहणारे दुसरे कोणी नव्हते. त्यांना पेटी शिकावयाची होती, ते राहून गेले. काका-काकूंचे दुखणेबाणे त्यांनी काढले, कर्ज फेडले, विहीर बांधली. काकू त्यांना नव्या नावाने हाक मारीत. परंतु आमची आई भेटीला गेली म्हणजे सर्वांदेखत नवे नाव घेई आणि निघताना परसदारी, कोणी जवळ नाही असे पाहून, त्यांना जन्माच्या नावाने हाक मारी. "तेवढ्यासाठी मी परसदारी उभा राहत असे," असे म्हणून ते थांबले.

आम्ही संस्कृत वाचलेले. दत्तविधानात जनक पित्याने पुत्र द्यावा आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा, हा विधी आम्ही ग्रंथांत अनेकदा वाचला होता. परंतु देणे आणि घेणे या दोन क्रियांच्या मधोमध एक मूल उभे असते, हे साठी उलटल्यावर आम्हांस त्या रात्री प्रथम दिसले. आणि मग कवळाण्याची गोष्ट आम्हांस निराळी दिसू लागली. बडोद्यास आलेली ती मुले. एकाला राज्य मिळाले, बाकीच्यांना भाऊ मिळाला नाही. ज्याला राज्य मिळाले त्याची आई उमाबाई कायद्याने त्याची आई राहिली नाही. काशीराव तर दोनच वर्षांनी, १८७७ साली, वारले. निवडला गेलेला आणि न निवडला गेलेला, यांपैकी कोणी काय गमावले, याचा हिशेब बाहेरून मांडता येत नाही. बाहेरच्यांना फक्त पदवी दिसते.

पदव्यांचे पुढे काय झाले हे वाचकांस माहीत आहेच. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. आमच्या पूर्वेच्या डोंगरातील जव्हार संस्थान त्याच्या आदल्याच वर्षी विलीन झाले होते. तेथील यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानदलात नोकरी केली आणि संस्थान गेल्यावर ते लोकांच्या मतांवर लोकसभेत निवडून गेले. पुढे संविधानाच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या दोन्ही रद्द झाल्या. त्या कायद्याची तारीख २८ डिसेंबर १९७१. सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आला त्याला त्या दिवशी बरोबर नव्वद वर्षे झाली होती. नव्वद वर्षांत पदवी आली तशी गेली. अमरेलीच्या शाळांत शिकलेल्या मुलांच्या नातवंडांना मात्र अजून वाचता येते.

एकत्र कुटुंबात एकाला घर मिळते, एकाला वाडी, एकाला शिक्षण आणि एकाला नुसते कष्ट. वाटणी कधीच सारखी होत नाही, आणि ज्याच्या वाट्याला जे आले नाही तेच त्याला मोठे वाटते. आमची वडीलधाऱ्यांस विनंती एवढीच की, घरात एखाद्या मुलाची निवड करावयाची वेळ आली, मग ती दत्तकाची असो, परगावी शिक्षणास धाडण्याची असो की दुकानावर बसविण्याची असो, तर ज्याला निवडले त्याच्याशी आणि ज्याला निवडले नाही त्याच्याशी, दोघांशीही, त्याच रात्री चार शब्द बोलावे. आमच्या वडिलांनी ते केले असते तर पन्नास वर्षांहून अधिक काळ दोघे भाऊ एकमेकांचा हेवा करीत बसले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंधू परत निघाले. गाडी फाटकापाशी उभी होती. आम्ही त्यांना परसदारी नेले आणि त्यांच्या जन्माच्या नावाने हाक मारली. आईच्या मागे ते नाव घरात कोणी उच्चारले नव्हते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून आम्हांस नमस्कार केला आणि डोळे पुसून गाडीत बसले.